गंगेचे दोन गडू

माझं माहेर नगरकडचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं, आणि सासर मोगलाईतलं, जुन्या जालन्यातलं. मधे एक गोदावरी तेवढी. पण माहेरी गेले की "आली मोगलाईतली" आणि सासरी काही वेगळं बोलले की "इंग्रजांकडची शहाणी", असं मला दोन्हीकडून ऐकावं लागे. त्यामुळे असेल किंवा उपजतच असेल, माझा कशावरही पटकन विश्वास बसत नसे. दुधात बोट बुडवून बघायचं, तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळलीय का ते पसरून बघायचं, आणि पाहुणा फार गोड बोलायला लागला की आधी त्याच्या पिशवीकडे बघायचं, अशी माझी रीत. आमचे हे म्हणायचे, "तुज्यापुढं देव उभा राह्यला तरी तू त्याला पाठ फिरवून दाखव म्हणशील." मी म्हणायचे, "का नको? पुष्कळ मूर्ती मागून पोकळच असतात."

त्या काळी हैदराबाद संस्थान शाबूत होतं आणि जालन्याहून काशीला जायचं म्हणजे आधी छोट्या गाडीनं मनमाड गाठायचं. तिथं आपलं राज्य संपायचं. आपला संस्थानी हाली रुपयासुद्धा पुढं चालायचा नाही, मग माणसाचं काय चालणार! म्हणून जाणारे सगळे कुणाच्या तरी हवाली होऊनच जात. फक्त कुणाच्या हवाली व्हायचं, याची रीत दोन राज्यांत दोन तऱ्हांची होती.

आमच्या मोगलाईत ते काम काशीच्या पंड्यांच्या गुमास्त्याचं. दर हिवाळ्यात तो आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. डोक्याला उपरणं, कपाळाला गंध, आणि तोंडात आमच्या सात पिढ्यांची नावं. कोण कधी काशीला आलं, कुणी कुणाचं श्राद्ध केलं, हे तो आमच्यापेक्षा बरं सांगायचा. जायचं ठरलं की त्याला कळवायचं. तो स्टेशनावर हजर. उतरायचं त्याच्याकडे, जेवायचं त्याच्याकडे, देवाला जायचं ते त्याच्या मागून. किती दिवस राहायचं आणि निघताना काय द्यायचं, याचा मात्र तो ताकास तूर लागू द्यायचा नाही. "घर आपका ही है," एवढंच म्हणायचा. आमच्या घराची बित्तंबातमी परगावच्या माणसाला असावी, हेच मला खटकायचं. तो मान डोलवत आजेसासऱ्यांची नावं घ्यायला लागला की माझी नजर आपोआप ओसरीवरच्या पितळी तांब्याकडे जायची.

माझ्या माहेराकडे याच्या उलट. तिकडे यात्रा कंपन्या निघालेल्या. पाटी लावलेलं ऑफिस, छापील कागद. कोणती गाडी, कुठे मुक्काम, कोणत्या दिवशी कोणता देव आणि जेवणात काय, सगळं आधी ठरलेलं. माझी आई अशाच एका कंपनीबरोबर जाऊन आली होती. लुगड्याला पिवळी फीत टाचायची, शिट्टी वाजली की जमायचं, दुसरी वाजली की चालायला लागायचं. आईला ते सगळं फार आवडलं होतं. मी मात्र विचारलं, "त्यांना तुझं नाव तरी ठाऊक होतं का?" आई म्हणाली, "नाव कशाला? फीत होती ना." म्हणजे एकाला आमचं सगळं माहीत म्हणून मला त्याचा संशय, आणि दुसऱ्याला आमचं काहीच माहीत नाही म्हणून त्याचा.

आमच्या समोरच्या घरात एक अत्तरवाले राहत. त्यांच्या घरच्या बाईंना सगळी गल्ली खाला म्हणायची. खाला हजला जाऊन आल्या होत्या. त्यांची तिसरीच तऱ्हा. गावातल्या गावात काफिला जमवायचा, मुंबईला बोट धरायची, आणि तिकडे उतरलं की हैदराबादच्या लोकांचा ठरलेला वाटाड्या घ्यायला आलेला असायचा. त्यांनी डब्यातून तिथल्या झमझमच्या विहिरीचं पाणी आणलं होतं, तेही झाकण झाळून, कथलाचा डाग देऊन, पक्कं बंद केलेलं. हे पाणी पुढे आमच्या गोष्टीत येणार आहे.

आमच्याकडे गुमास्ता गंगेचा गडू आणायचा. मुठीएवढा तांब्याचा गडू, तोंड झाळून बंद केलेलं. तो देवघरात ठेवायचा आणि घरातलं कुणी शेवटच्या वाटेला लागलं की खिळ्यानं भोक पाडून चार थेंब त्याच्या तोंडात घालायचे. मामंजी गेले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, असाच गडू फोडला होता. मामंजींचा घास केव्हाच बंद झाला होता, पण ते चार थेंब त्यांनी गिळले. आत्याबाई येईल त्याला हे सांगत. "गंगा गिळली त्यायनी. मी बघितलं ना." त्यांच्या सगळ्या दुःखात तेवढी एक जागा थंड होती. उरलेलं पाणी त्यांनी मेणाचं बूच लावून देवघरात ठेवून दिलं होतं.

मामंजींना वर्ष व्हायच्या सुमारास इंग्रजी मुलखातल्या एका यात्रा कंपनीचा माणूस जालन्यात आला. बंद गळ्याचा कोट, हातात छापील कागदांचा गठ्ठा. दुकानात कापड बघता बघता त्यानं ह्यांच्याशी ओळख काढली आणि घरी चहाला आला. हे त्याला आपले 'मॅनेजरसाहेब' म्हणायला लागले. आम्ही दोघी दाराआड. त्यानं स्पेशल गाडीचं सांगितलं, स्वयंपाक्याचं सांगितलं. मग घरात गुमास्त्याचा राबता आहे हे कळल्यावर तो जरा हसला.

"त्यांचे गडू येत असतील तुमच्याकडे," तो म्हणाला. "कुठे भरतात ते, कधी विचारलंत का? अहो, एवढे गडू गंगेवर नेऊन भरायला कुणाला सवड आहे? रस्त्यात जी विहीर लागेल ती गंगा. आमच्या यात्रेत प्रत्येकाला गडू मिळतो, तिकिटातच."

मी दाराआडून मान डोलावली. माझ्या मनात कधीचं जे होतं ते एक कोटवाला शुद्ध मराठीत बोलत होता, मला बरंच वाटलं. मग शेजारी बघितलं. आत्याबाईंनी चौकट धरली होती. त्यांचं तोंड असं झालं होतं की मी त्यांना आधी खाली बसवलं.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. ताटावर बसायच्या आणि भात चिवडत राहायच्या. चार दिवसांनी मला म्हणाल्या, "मंग त्यायनी काय गिळलं गं?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तो त्याचा माल खपवायला आला होता. त्याच्या बोलण्यावर काय जाता?"

"तू तर मान डोलवून राह्यल्ती," त्या म्हणाल्या. "मी बघितलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाला बोलावून सांगितलं, "मला काशीला जायचंय. ह्या कंपनीसंगंच. आन् सूनबाई येईल माझ्यासंगं, तिच्या नजरेतून काई सुटत न्हाई."

निघायच्या आदल्या दिवशी खाला भेटायला आल्या. आत्याबाईंनी त्यांना सरळ विचारलं, "खाला, तुमचं ते पाणी खरंच तिथलंच आहे, कशावरून?"

मला वाटलं, आता ह्या रागावणार. खाला पानाचा विडा गालात सरकवून म्हणाल्या, "हम भी चख के देखे थे बाई. वहाँ पिये तो खारा. डिब्बा घर में खोले तो वैसाच खारा. फिर याद आया, हमारी बावडी का पानी भी खाराच है!" आणि पोट धरून हसल्या. "मगर हम बोले, बस हो गया. कितना चखते?" आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे चव लक्षात राहती?" खाला म्हणाल्या, "हौ, राहती ना."

मनमाडला मॅनेजरनं आम्हाला हिरव्या फिती टाचल्या आणि मोठ्या गाडीत बसवलं. गाडी हलायच्या आधी त्यानं सगळ्यांना बजावलं, काशीच्या स्टेशनावर कुणी गाव विचारलं तर सांगायचं नाही, नाहीतर पंडे येऊन धरतील. मला ही गोष्ट फार संशयास्पद वाटली. गाव लपवायला आपण काय चोरीमारी करून चाललो आहोत? पण उतरल्यावर खरोखरच चहूबाजूंनी "कौन गाँव, माताजी? कौन जिला?" सुरू झालं आणि हिरव्या फितीवाले सगळे तोंड मिटून चालू लागले. एक म्हातारे गृहस्थ तेवढे सवयीनं "भोकरदन" म्हणाले. त्यांना सोडवून आणायला मॅनेजरला अर्धा घाट पालथा घालावा लागला. ते परत आले तेव्हा खुशीत होते. म्हणाले, "पणजोबाचं नाव सांगितलं की हो त्यायनी!"

कंपनीचं काम चोख होतं, हे मला कबूल करावं लागेल. भात ऊन, खोल्या झाडलेल्या, शिट्टी वेळेवर. स्नान झालं, देव झाले, श्राद्ध झालं. आत्याबाई सगळ्यात होत्या आणि कशातच नव्हत्या. येता-जाता मॅनेजरला विचारायच्या, "गडू कवा भरायचे?" तो म्हणायचा, "होईल, आजी, होईल." निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं टोपली आणली. टोपलीत गडू होते, भरलेले, झाळलेले, वर कंपनीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला आणि म्हणाला, "ही घ्या गंगा."

आत्याबाईंनी गडू कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं.

"हे कुणी भरलं?"

"आमच्या माणसांनी."

"तुमी होते तिथं?"

मॅनेजर रिकामी टोपली उचलायला वाकला. मी त्याच्याकडे बघत होते. माझ्या तोंडचा प्रश्न माझ्या सासूनं विचारावा, याचा मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं. ही बाई अशी नव्हती. आयुष्यभर तिनं बोहारणीशीसुद्धा घासाघीस केली नव्हती.

सकाळी शिट्टी व्हायच्या आत आम्ही दोघी बाहेर पडलो. विचारत विचारत एका बोळात गडू झाळणाऱ्याचं दुकान सापडलं. दुकान कसलं, एक शेगडी आणि एक फळी. फळीवर भरलेले गडू तोंड उघडून ओळीनं बसलेले. एका बाजूला आमच्या कंपनीच्या चिठ्ठ्यांचा पुडका पडला होता. आणि दुसऱ्या बाजूला झाळून तयार ठेवलेले जे गडू होते, त्यांच्या गळ्याला लाल दोरा होता. तसाच दोरा, तशीच गाठ, आमच्या देवघरातल्या गडूला होती. मी आत्याबाईंना कोपर लावलं, पण त्यांनी आधीच पाहिलं होतं. वर्षानुवर्षं येणारा आमचा गुमास्ता आणि परवाचा कोटवाला, दोघांचेही गडू ह्याच फळीवर बंद होत होते.

"पानी कहाँ का है?" मी विचारलं.

झाळणाऱ्यानं मान वर केली नाही. "काशी में हो माताजी. और कहाँ का होगा?"

त्याच्या पाठीमागे एक विहीर होती. दोर ओला होता. आणि बोळ जिथे संपत होता तिथे दहा-वीस पायऱ्या उतरल्या की गंगा. मी विहिरीकडे बघितलं, गंगेकडे बघितलं, पुन्हा विहिरीकडे बघितलं. एवढ्या लांब येऊन मला तिथे इतकंच कळलं की दोन्ही सारखीच जवळ आहेत.

आत्याबाईंनी एक रिकामा गडू विकत घेतला आणि पायऱ्या उतरून गेल्या. लुगडं भिजेस्तोवर आत शिरल्या. गडू बुडवून भरला, मग ओंजळभर पाणी स्वतः प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "तूबी पी. नीट पी. ध्यानात ठिव." मला वाटलं, तीर्थ म्हणून सांगतायत. मीही आत उतरून प्यायले. वर येऊन त्यांनी झाळणाऱ्यापुढे फतकल मारली आणि गडूचं तोंड बंद होईपर्यंत त्याच्या हातावरची नजर काढली नाही. तोवर शिट्टी होऊन गेली होती. मॅनेजर आम्हाला शोधायला बोळापर्यंत आला होता आणि सगळ्या वाटेनं बडबडत होता.

परतीच्या वाटेवर आपल्या राज्यात शिरल्यावर सामान तपासायला जकातीची माणसं आली. बंद भांडी दिसली की ती हलवून बघायचा त्यांचा शिरस्ता होता, कारण बंद भांड्यातून काय काय येतं ते त्यांनी बघितलेलं असणार. मॅनेजरनं कागद दाखवला, एक गडू नमुन्याला उघडून दाखवला आणि चिठ्ठीवाले सगळे गडू भराभर पुढे गेले. अडला तो एकच. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती.

"ये अलग क्यों है, अम्मा?" तपासणारा म्हातारासा माणूस होता, आवाज मऊ.

मी उसळले. सगळ्या रासभर गडूंत हा एक आम्ही डोळ्यांदेखत भरलेला, आणि नेमका तोच तुम्हाला खोटा वाटतो? ज्यांचा कुणाला पत्ता नाही ते सगळे खरे? मी मराठीतून सुरुवात करून हिंदीत शिरले आणि तो बिचारा "हौ बहन, हौ बहन" करत मागे सरकला. डब्यातले लोक बघायला लागले.

आत्याबाईंनी माझा दंड धरला. "भांडू नको. बराबर हाय त्याचं. मीबी तेच करून राह्यले." आणि त्याला म्हणाल्या, "खोला."

त्यानं टोच्यानं तोंड उघडलं, आत बोट न घालता नुसतं वाकून बघितलं, वास घेतला आणि गडू दोन्ही हातांनी परत दिला. आत्याबाईंनी त्यावर पदराचं टोक घट्ट आवळलं आणि जालना येईपर्यंत मूठ सोडली नाही. माझ्या डोळ्यांना मात्र धार लागली होती. एवढा खटाटोप करून आणलेलं, आणि घरात शिरायच्या आधीच उघडं पडलं. आता कुणीही म्हणेल, वाटेत बदललं असेल. दुसऱ्या कुणाच्या घरचं असतं तर मीच म्हटलं असतं.

काशीहून आलं की गंगेची पूजा करून मावंद्याचं जेवण घालायचं असतं. ह्यांनी आचारी सांगून ठेवला होता. आत्याबाई म्हणाल्या, थांबा. दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर त्यांनी मला देवघरात बोलावलं. पुढे दोन चांदीच्या वाट्या. मामंजींच्या वेळचा लाल दोऱ्याचा गडू, त्याचं मेण काढलेलं. शेजारी आमचा नवा. दोन्हींतलं थोडं थोडं पाणी त्यांनी वाट्यांत ओतलं.

"चव घे," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळी काशी ह्या दोन वाट्यांसाठी होती. त्यांना स्वतःसाठी पाणी आणायचंच नव्हतं.

"तुम्ही घ्या ना आधी," मी म्हटलं.

"मी न्हाई. माझी जीभ मला पाह्यजे तेच सांगंल. तू घे."

मी एक वाटी तोंडाला लावली, मग दुसरी. नव्या पाण्याला तांब्याचा तुरटपणा होता. जुन्यालाही होता, पण त्यात मेणाचा वास होता, वर्षभर बंद राहिल्याचा एक शिळेपणा होता, आणि त्याखाली आणखी काहीतरी होतं की नव्हतं, ते मला सांगता येईना. गंगेचं असेल. विहिरीचं असेल. काशीतल्या त्या सकाळची चव आठवायचा मी जिवापाड प्रयत्न केला, पण आठवत होता तो फक्त भिजलेल्या लुगड्याचा गारवा. मी पुन्हा एक घोट घेतला. समोर आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी पाटाची कड दोन्ही हातांनी धरली होती, जशी त्या दिवशी चौकट धरली होती.

"एकच आहे," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी आजवर लोकांकडे जसं बघत आले तसंच. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देवा, कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवू दे.

"बिलकुल?"

"बिलकुल."

"मंग एकच असंल," त्या सावकाश म्हणाल्या. "दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. पर तू तर कुणाचंच खरं मानत न्हाईस. तू म्हनतीस म्हंजे असंल." आणि पाटाची कड सोडून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "गंगाच गिळली त्यायनी."

मग त्यांनी दोन्ही वाट्या नव्या गडूत ओतल्या, जुन्या गडूतलं राहिलेलं पाणीही त्यातच ओतलं, आणि मला सांगितलं की आचाऱ्याला निरोप धाड, मावंदं उद्याच करू. त्या दिवशी दुपारी त्या पोटभर जेवल्या. मी त्यांना वाढत होते आणि माझ्या जिभेवर अजून मेणाची चव होती.